साठीनंतर बर्फातून मोटारसायकल: मुंबईहून हिवाळ्यात स्पितीला निघणाऱ्यांसाठी

वय साठीच्या पुढे, गाडी १९५ किलोची आणि जायचंय जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला. जमेल का, असं मला सोसायटीतल्या शेजारणींपासून जुन्या वॉर्डातल्या मैत्रिणींपर्यंत सगळे विचारतात. जमतं. पण दोन अटी आधी मान्य करा. दिवसाला चार-पाच तासांच्या वर गाडी चालवायची नाही, आणि बधिर हातांनी एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. या दोन अटी ज्यांना जाचक वाटतात त्यांनी जूनमध्ये जावं, तेव्हाही स्पिती सुंदरच असते.

मी भांडुपला राहते. महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं ऑर्थोपेडिक वॉर्डात गेली. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, मागे आमचे हे. खाली जे लिहिते आहे ते दोघांची वयं, दोघांच्या गोळ्या आणि त्या रस्त्यावरचा बर्फ, तिन्ही धरून लिहिते आहे.

मुंबईत नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ रोजीचं. आपण इथे ज्याला थंडी म्हणतो ती १५-१६ अंशांची. स्पितीतल्या काझा गावी जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्या आसपास जातो. म्हणजे इथल्या गारठ्याचा अनुभव तिथे उपयोगाचा नाही. तयारी वेगळीच करावी लागते, आणि ती हाताच्या बोटांपासून सुरू होते.

बोटं आधी, बाकी सगळं नंतर

थंडी वाढली की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, काळीज आणि मेंदू उबदार राहावेत म्हणून. वयाबरोबर हे रक्त परत बोटांत यायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर बोट बधिर झाल्याचं कळतही नाही. त्यात वारा. हवा शून्य अंशावर असेल आणि तुम्ही ताशी ५० ने जात असाल, तर उघड्या कातडीला ते उणे ८ सारखं लागतं. हवा उणे ५ असेल तर उणे १५ सारखं. म्हणून वेग कमी ठेवणं हा थंडीवरचाही उपाय आहे.

बोटं बधिर झाली की ब्रेक आणि क्लच हळूहळू दाबता येत नाहीत. लिव्हर एकतर सुटलेला असतो नाहीतर पूर्ण आवळलेला. कोरड्या रस्त्यावर एवढ्याने फक्त धक्का बसतो, बर्फावर गाडी आडवी होते. चाळीस वर्षांचा सराव अशा वेळी काही करू शकत नाही, कारण तो बोटांपर्यंत पोचतच नाही.

यासाठी एक साधी तपासणी आहे. ग्लोव्ह काढायचा, अंगठा करंगळीच्या टोकाला लावायचा. दोन्ही हातांनी. सहज लागला तर ठीक. चाचपडत लागला किंवा लागलाच नाही, तर गाडी बाजूला घ्यायची, हात काखेत घालून बसायचं, गरम पाणी प्यायचं, आणि अंगठा परत नीट लागेपर्यंत हलायचं नाही. मी दर अर्ध्या तासाला थांबते आणि ह्यांनाही करायला लावते. मागे बसलेला माणूस चालवणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो, कारण तो काहीच हालचाल करत नसतो.

ग्लोव्ह महागडे असले म्हणजे पुरतात असं नाही. ते किंचित सैल हवेत. घट्ट ग्लोव्हने रक्त अडतं आणि मधली हवा जाते, आणि ऊब तर त्या हवेचीच असते. आत लोकरीचा पातळ मोजा, वर वारा अडवणारा जाड ग्लोव्ह. बर्फ भुरभुरत असेल तर सगळ्यांवर भांडी घासायचा मोठा रबरी हातमोजा चढवा, दिसायला कसाही दिसो. काही जण आत सर्जिकल ग्लोव्ह घालतात. मी नको म्हणेन. घाम आतच राहतो आणि चहाला थांबून ग्लोव्ह काढलात की ओला हात दुप्पट गारठतो.

याहून भारी उपाय चंदीगड-शिमल्याच्या बाजूला ॲक्सेसरीच्या कुठल्याही साध्या दुकानात मिळतो: हँडलवर बांधायचं जाड रेक्झिनचं, आतून कापसाळ लोकर लावलेलं कव्हर. हरियाणा-पंजाबातले दूधवाले हिवाळाभर हेच वापरतात. हात त्यात घालून लिव्हर धरता येतात आणि वारा हाताला लागतच नाही. फक्त बांधल्यावर दहा-वीस वेळा हात आत-बाहेर करून पाहा. तोल जाताना हात अडकला तर वाईट.

घरी एक चाचणी करून मगच निघा. मासळी बाजारातून बर्फाचा चुरा आणा, बादलीत ओता. ग्लोव्ह घातलेला हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या बर्फात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग बाहेर काढून त्याच हाताने हेल्मेटचा पट्टा सोडवा, किल्ली फिरवा, जाकिटाची चेन ओढा आणि शेवटी गोळ्यांच्या पाकिटातून एक गोळी काढा. गोळी काढताना ती कुठे उडते ते बघा. माझ्या सगळ्या गोळ्या मी आता पाकिटातून सोडवून, आठवड्याच्या वारांच्या डबीत भरून नेते. डबीचं झाकण नखाने उघडतं, पाकिटाचं चांदीसारखं कागद गारठलेल्या अंगठ्याने फुटत नाही.

अंगावर काय

आपली सुती बनियन घरी ठेवा. सुतात घाम मुरतो आणि तो वाळेपर्यंत अंगाची ऊब खात राहतो. आत लोकरीचं किंवा थर्मल, मध्ये लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची चार-सहा पानं घातली तर फरक लगेच कळतो. गळ्याला बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, हवाच. पायात एकच जाड लोकरीचा मोजा आणि त्यावर बोटं हलतील एवढा मोठा बूट. दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातले की पाय आधी बधिर होतात.

हेल्मेटच्या काचेला आत पिनलॉक (वाफ धरू न देणारी पातळ जोडकाच) बसवून घ्या, नाहीतर श्वासाची वाफ काचेवर गोठते. चष्मेवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा थंडीत जास्त काळ्या होतात आणि परत पांढऱ्या व्हायला जास्त वेळ घेतात. कधी मनालीकडून लाहौलला गेलात तर वाटेतला अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. बर्फावरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर काळ्या काचा आणि साठीपुढचे डोळे, दोन्ही अंधाराला सरावेपर्यंत बराच रस्ता मागे पडतो. साध्या काचांचा चष्मा वापरा, उन्हासाठी हेल्मेटच्या आतली काळी पट्टी खाली-वर करा.

गोळ्या, साखर, रक्तदाब

निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, आणि "ट्रिपला जातोय" एवढंच सांगू नका. उंची किती, तापमान किती, रोज किती तास गाडीवर, सगळं सांगा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. वर ३७०० मीटरच्या आसपास ऑक्सिजनही कमी. ईसीजी, टूडी इको आणि ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाची-हृदयाची एक गोळी) चालू असेल तर हात-पाय अधिक गार पडू शकतात. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी कमी होतं, आणि थंडीत एरवीही लघवी जास्त होते. रक्त पातळ करणारी गोळी असणाऱ्याचं डोकं आपटलं तर वरवर जखम दिसली नाही तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तिथून मोठं रुग्णालय फार लांब आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मनाने सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर मुळीच नाही.

इन्शुलिन एकदा गोठलं की फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. ते गाडीच्या बॅगेत नको, जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. ग्लुकोमीटरही तिथेच. गारठलेलं मशीन एरर देतं किंवा चुकीचा आकडा दाखवतं.

तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ असं म्हणू नका. वयानुसार तहान मंदावते, थंडीत तर लागतच नाही. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि अंगठा-करंगळी बघायला थांबाल तेव्हा दोन-चार घोट घ्या. बायका रस्त्यात आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. वॉर्डात त्याचे परिणाम पुष्कळ पाहिलेत. ह्यांना चादर धरून उभं करा आणि जाऊन या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रम पिऊन ऊब येते हा समज काढून टाका. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, गरम वाटतं आणि आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते.

गाडी मुंबईतच तयार करा

आपल्याकडच्या पावसाळ्यात क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये पाणी शिरून बसतं. इथे ते त्रास देत नाही, वर गेल्यावर गोठतं आणि केबल जाम होते. केबल काढून, वाळवून, तेल सोडून घ्या, किंवा नव्याच टाका. हिमालयन ४५० सारखी कूलंटवाली गाडी असेल तर मेकॅनिकला स्पष्ट विचारा की कूलंटच्या टाकीत काय आहे. मुंबईच्या उकाड्यात नळाचं पाणी घालून भागतं, उणे तापमानात ते गोठून इंजिनाला तडा जाऊ शकतो. कंपनीने सांगितलेलंच कूलंट ताजं भरा. माझ्या क्लासिकला ही भानगड नाही.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर थंडीत कडक होतं, म्हणून पाच वर्षांपुढचं टायर नको. हवा मुंबईत भरली म्हणून निश्चिंत राहू नका. थंडीने दाब उतरतो, उंचीने गेजवर चढतो. रोज सकाळी गार टायरवर तिथेच मोजा.

बॅटरी चार्ज धरत नसेल तर बदला. उणे १८ ला शिशाची बॅटरी साधारण निम्मी ताकद देते, आणि नव्या गाड्यांना किक नसते. रात्री काढून खोलीत नेता येईल अशी तिची जागा आधी घरी उघडून बघून ठेवा. सीट खाली करता येत असेल तर करा. थांबल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाही.

गाडी रेल्वेने अंबाला किंवा चंदीगडला पाठवणं उत्तम. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची प्रत लागते, गोणपाटात बांधून घ्यावी लागते. तेवढ्या सोळाशेएक किलोमीटरचा शीण वाचतो आणि ती ताकद पुढे लागते.

कुठून जायचं, किती वाजता

हिवाळ्यात मनालीकडून काझाला जाता येत नाही, वाटेतली कुंझुम ला ही खिंड बर्फाने बंद असते. रस्ता शिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असा. साठीवाल्यांसाठी हाच चांगला, कारण उंची टप्प्याटप्प्याने वाढते. पिओला दोन रात्री, नाको किंवा ताबोला दोन रात्री काढा. पिओच्या खाली पोवारीला टाकी काठोकाठ भरा.

रोज दहाला निघायचं, तीनपर्यंत मुक्कामी. सूर्य उगवला म्हणजे रस्ता उबदार झाला असं नसतं, उगवतीची वेळ सगळ्यांत थंड. आणि तीननंतर डोंगराची सावली पडली की दिवसभर वितळलेलं पाणी परत गोठायला लागतं. सत्तर-ऐंशी किलोमीटर म्हणजे तिथे पूर्ण दिवस.

प्रत्यक्ष बर्फावर

पांढरा, भुसभुशीत बर्फ दिसतो, म्हणून त्याची भीती कमी. घात करतो तो काळा बर्फ, ब्लॅक आइस. तो पारदर्शक असतो, खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं. रस्ता नुसता ओला वाटतो. खूण अशी: पुढच्या गाडीच्या चाकाखालून पाणी उडतंय का बघा. रस्ता ओला दिसतो आणि तुषार उडत नाहीत, तर ते पाणी नाही. स्वतःच्या टायरचा आवाज एकदम बंद झाला तरी तेच समजा. सावलीतली आतली वळणं, पुलांचे माथे (खालून-वरून दोन्हीकडून हवा लागल्याने पूल रस्त्याआधी गोठतात) आणि जिथे नाला रस्त्यावरून वाहतो ती जागा, या तिन्ही ठिकाणी बर्फ आहे असं धरूनच जायचं. नाकोजवळच्या मलिंग नाल्याला मी आधी थांबते, उतरते, बुटाच्या टाचेने रस्ता घासून बघते आणि मगच ठरवते. दुपारी आणखी सावध. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याची पातळ साय आलेला बर्फ कडक गोठलेल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो.

वेग वळणाच्या, पुलाच्या खूप आधी, कोरड्या रस्त्यावर उतरवायचा. बर्फावर गाडी थांबायला दहापट अंतर लागू शकतं. एकदा बर्फावर आलात की पुढच्या ब्रेकवरची बोटं उचलून घ्या. गिअर दुसरा, उतारावर पहिला, ॲक्सिलरेटर एकसारखा, क्लच सावकाश. गिअर खाली टाकताना क्लच झटक्यात सोडलात तर मागचं चाक ब्रेक न लावताही सरकतं. सरकायला लागलं तर क्लच ओढा, चाक मोकळं करा, नजर लांब ठेवा. गाडी झुकवायची नाही. वळण हँडलने, माणूस चालतो त्या वेगाने, दोन्ही पाय खाली सोडून. ट्रकच्या चाकांनी गुळगुळीत झालेल्या पट्ट्यापेक्षा कडेचा खडबडीत, मातीमिश्रित बर्फ बरा, मात्र दरीकडची कड नाही.

"अहो, उतरा आता," एवढं म्हटलं की हे निमूट उतरतात आणि कडेकडेने चालत येतात. मागचा माणूस बर्फावर चालत गेलाच पाहिजे. वजन कमी होतं आणि पडलो तर दोघं एकदम पडत नाही. बर्फाचा पट्टा लांब असेल तर कडेची माती मुठी भरून चाकाच्या वाटेवर टाकत जा. तिथले लोक हेच करतात, आणि विचारलं तर फावडं घेऊन मदतीलाही येतात. मागच्या टायरला दोर गुंडाळतात, त्याने चढावर पकड मिळते, पण स्पोकची चाकं हवीत, दोर चेनला आणि ब्रेकला लागत नाही हे फिरवून बघायला हवं, आणि पुढचं चाक मोकळंच राहतं. त्यामुळे दोर बांधला म्हणून वेग वाढवायचा नाही.

गाडी पडायला लागली तर पडू द्या. १९५ किलो पायाने सावरायला गेलात तर गुडघा जातो. आणि एकट्याने उचलायची नाही, दुसरा माणूस येईपर्यंत थांबा.

याचा सराव मुंबईत होतो. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-धूळ वर येते तेव्हा, झेब्रा पट्ट्यांवर आणि पुलांच्या लोखंडी जोडांवर ब्रेक न लावता सरळ जायची सवय लावून घ्या. मोकळ्या मैदानावर चालत्या माणसाच्या वेगाने आठाचा आकडा काढा, फक्त क्लच आणि मागच्या ब्रेकवर.

गाडीवरून उतरल्यावर

ऑर्थोच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला गाडीवरच्या पडण्यापेक्षा होमस्टेच्या अंगणातल्या पडण्याची काळजी जास्त वाटते. साठीपुढच्या बाईचं खुब्याचं हाड साध्या घसरण्याने मोडतं. बुटाखाली अडकवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्यांना खाली छोटे खिळे असतात. त्या गाडी चालवताना काढा, पण संडासला जाताना, विशेषतः रात्री, घालाच. एका हातात टॉर्च, दुसरा हात मोकळा. अंथरुणातून उठल्यावर मिनिटभर बसा आणि मग उभे राहा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते.

बुखारीची, म्हणजे खोली तापवायच्या तिथल्या शेगडीची, धुराची नळी खोलीबाहेर गेलेली आहे ना बघा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, त्याच्या वायूला वास नसतो आणि जाग येत नाही. बधिर बोटं बुखारीला लावू नका, भाजल्याचं कळणार नाही. बर्फाने चोळूही नका. कोमट पाण्यात, कोपराला सोसेल एवढ्या, वीस-तीस मिनिटं ठेवा. पांढरी पडून कडक झाली असतील, फोड आले असतील तर थेट डॉक्टर. आणि कुणाची थरथर गरम न होताच थांबली, बोलणं जड झालं, पाय अडखळायला लागले, तर तो माणूस दमलेला नाही, आतून थंड पडतोय. ओले कपडे काढा, कोरड्या रजईत गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाजा, आणि मदत बोलवा.

गाडी मेन स्टँडवर, साइड स्टँड असेल तर त्याखाली फळी. ओलं कव्हर घालू नका, सीटला चिकटून गोठतं.

परतीचं तिकीट काढताना चार-पाच दिवस मोकळे धरा. बर्फ पडला की पोलीस दुचाकी अडवतात, त्यांच्याशी वाद घालू नका. रस्ता उघडेपर्यंत थांबणं होत नसेल तर होमस्टेच्या मालकाला विचारून गाडी तिथेच ठेवा, बस सुरू झाली की एचआरटीसीच्या (हिमाचलच्या एसटीच्या) बसने पिओला उतरा आणि एप्रिलनंतर गाडी न्यायला परत या. ठेवताना टाकी भरलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली आणि किल्ली मालकाकडे.